निकॉन एफएम२साठी फोकसिंग स्क्रीन: के२ ठेवू, बी२ घेऊ की ई२?

दगडफूल

मंडळी, वापरलेली एफएम२एन (निकॉनच्या एफएम२ या फिल्म कॅमेऱ्याची सुधारित आवृत्ती) घेतली आहे. शटर चोख, मीटर बरोबर, प्रिझममध्ये बुरशी नाही. आत के२ स्क्रीन आहे (व्ह्यूफाइंडरमधलं चित्र जिच्यावर पडतं ती), म्हणजे मधोमध स्प्लिटचं वर्तुळ (यात चित्र दोन तुकड्यांत दिसतं, फोकस झाला की जुळतं), त्याभोवती मायक्रोप्रिझमची कडी (फोकस नसला की चित्र लुकलुकतं) आणि बाकी सगळी मॅट, म्हणजे दुधी. लेन्सेस चार: ५० एफ १.८, १०५ एफ २.५, ५५ मायक्रो एफ २.८ (सोबत पीके-१३ ट्यूब, आणखी जवळ जायला) आणि २०० एफ ४ (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं).

माझं फोटो काढणं तीन प्रकारचं. कार्ले, भाजे, बेडसे इथले खांब आणि शिल्पं, परसातले किडे-फुलं, आणि घरातल्या माणसांचे चेहरे, मुख्यतः आजीचा.

अडचणी अशा. मायक्रोला ट्यूब लावली की स्प्लिटचा एक अर्धा काळा होतो. मान हलवली की दुसरा अर्धा काळा. चैत्यगृहातले खांब सरळ धरले असं वाटतं आणि निगेटिव्ह बघावी तर ते एका बाजूला कललेले. आजीच्या चेहऱ्यावर स्प्लिट जुळवायला सरळ कडच सापडत नाही, सगळ्या सुरकुत्याच. शिवाय मला चष्मा आहे, आणि आता चाळिशीही लागली.

एका विक्रेत्याकडे दुसऱ्याच कुणीतरी बनवलेली 'एक्स्ट्रा ब्राइट' स्क्रीन आहे, एफएम२ला बसते म्हणतो. ती घ्यावी, की निकॉनच्याच बी२ (मॅट, मध्ये नुसतं वर्तुळ) किंवा ई२च्या (मॅट, वर रेषांची जाळी) मागे लागावं? उजेड जास्त म्हणजे फोकस सोपा, असा माझा साधा हिशोब आहे. चुकत असेल तर सांगा.

अंधारकोठडी

हिशोब तिथेच चुकतोय, पण आधी काळ्या अर्ध्याचं बघू.

स्प्लिट म्हणजे स्क्रीनमध्ये बसवलेले दोन छोटे पाचरीसारखे प्रिझम, एकमेकांच्या उलट दिशेने उतरते. एक लेन्सच्या एका कडेचा उजेड घेतो, दुसरा समोरच्या कडेचा. फोकस बरोबर असेल तर दोन्हीकडची प्रतिमा एकाच जागी पडते आणि रेघ जुळते, नसेल तर तुटते. आता लेन्सचं तोंडच लहान असेल, तर प्रिझम ज्या कडेकडे बघतोय तिथे उजेडच नाही. म्हणून अंधार. पाचर जितकी तीव्र तितकी रेघ जास्त तुटलेली दिसते, म्हणजे अचूकता जास्त, पण अंधारही लवकर येतो. कंपन्यांनी मधला मार्ग काढलेला असतो. बहुतेक स्प्लिट एफ ४पर्यंत निवांत चालतात, एफ ५.६ला कुरकुरतात आणि त्यापुढे संपतात. पाचशेची एफ ८ मिरर लेन्स लावलेल्यांना विचारा.

तुमची २०० एफ ४ काठावर आहे. डोळा नीट मध्यावर ठेवलात तर चालेल.

भिंगरी

मॅक्रोबद्दल मी लिहिते, कारण माझं निम्मं आयुष्य चतुरांच्या मागे पालथं पडून गेलंय.

दगडफूल, तुमची लेन्स एफ २.८ असली तरी जवळ गेल्यावर ती एफ २.८ राहत नाही. ढोबळ गणित: लेन्सचा आकडा गुणिले (१ अधिक मॅग्निफिकेशन, म्हणजे फिल्मवरचा आकार भागिले खरा आकार). ट्यूबशिवाय ५५ मायक्रो निम्म्या आकारापर्यंत जाते, तिथे २.८ गुणिले १.५, म्हणजे साधारण एफ ४.२. पीके-१३ लावून एकास एक केलंत की २.८ गुणिले २, झाला एफ ५.६. म्हणून ट्यूबशिवाय स्प्लिट चालतं आणि ट्यूब लावली की काळं पडतं. जुनी ५५ एफ ३.५ असती तर एकास एकला एफ ७ झाला असता.

त्या अंतरावर स्प्लिट किंवा मायक्रोप्रिझम काहीच कामाचं नाही, साधी मॅटच हवी. माझ्या ऑलिंपस ओएम-१मध्ये मी १-१३ स्क्रीन (मध्ये स्प्लिट असलेली) काढून १-४ घातली, ती संपूर्ण मॅट आहे, मध्ये काहीही नाही. आणि मॅक्रोत रिंग फिरवून फोकस करायचाच नाही. मॅग्निफिकेशन ठरवा, मग स्वतः मागे-पुढे डोला. चतुराच्या डोळ्यावरची जाळी स्क्रीनवर एकदम चमकून उठते, तो क्षण मॅटवर जसा दिसतो तसा मधल्या काळ्या गोळ्यात दिसणं शक्यच नाही. स्प्लिट असली की नेमकी किड्याच्या तोंडावर ती काळी टिकली येऊन बसते!

खटक्यावर_बोट

एवढ्या भानगडी कशाला? मिररलेस घ्या, त्याच लेन्सेस ॲडॅप्टरने लावा, फोकस पीकिंग (शार्प कडांवर रंगीत रेघ) आहे, दहापट मोठं करून बघता येतं. विषय संपला.

बेळगावी_कुंदा

धागा फिल्म बॉडीच्या स्क्रीनवर आहे हो. बिर्याणीच्या धाग्यावर येऊन 'मी उपास करतो' म्हणण्यासारखं झालं हे.

खटक्यावर_बोट

बरं बाबा. पण दहापट मोठं करण्याला तोड नाही, हे कबूल करा.

भिंगरी

ट्रायपॉडवर असताना कबूल. हातात धरून, वाऱ्यावर हलणाऱ्या गवताच्या पात्यावर दहापट मोठं करून बघा, किडा फ्रेममध्ये सापडतो का ते. पीकिंगची रंगीत रेघ तर उघड्या ॲपर्चरला डोळ्यावरही येते आणि पापणीवरही.

मेलबर्नचा_मावळा

'एक्स्ट्रा ब्राइट'बद्दल. हा मुद्दा डिजिटल एसएलआरवाल्यांना चांगला पोळलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मॅट स्क्रीनचं काम उजेड विखुरणं. खरखरीत मॅट असली की लेन्सच्या कडेकडून तिरपा आलेला उजेडही विखुरून डोळ्यापर्यंत पोचतो. म्हणून एफ १.४ची लेन्स खरोखर एफ १.४सारखी दिसते, फोकसच्या मागचं-पुढचं झटकन विरघळतं. पण विखुरण्यात उजेड वाया जातो, स्क्रीन काळोखी आणि दाणेदार वाटते. ऑटोफोकसच्या जमान्यात लोक एफ ४, एफ ५.६चे झूम वापरायला लागले. त्यांना काळोख नको म्हणून कंपन्यांनी अशा स्क्रीन दिल्या ज्या उजेड फार विखरू देत नाहीत, सरळ पुढे पाठवतात. चित्र लख्ख. पण कडेचा तिरपा उजेड डोळ्यापर्यंत येतच नाही. परिणाम: लेन्स एफ १.४ असो की एफ १.८, व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते ती साधारण एफ २.८चीच डेप्थ (पुढे-मागे जेवढं शार्प दिसतं तेवढी खोली). डोळ्याला शार्प वाटतं आणि फोटोत नाक शार्प येतं.

खात्री करायची तर कुठल्याही ऑटोफोकस एसएलआरला एफ १.४ किंवा १.८ची लेन्स लावा, ॲपर्चर एफ २.८ ठेवा, डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबा. व्ह्यूफाइंडर काळवंडायला हवा. बहुतेक वेळा काहीही होत नाही. एफ ४ केल्यावर मात्र फरक दिसतो. हीच चाचणी तुमच्या एफएम२वर ५० एफ १.८ने करून बघा.

मी कॅननची डिजिटल ५डी मार्क २ वापरतो, जुन्या मॅन्युअल लेन्सेससाठी. मूळ स्क्रीन ईजी-ए काढून ईजी-एस टाकली. ती एफ २.८ आणि त्याहून मोठ्या लेन्सेससाठीच बनवलेली आहे, एफ ४चा झूम लावला की संध्याकाळ झाल्यासारखी वाटते. पण ८५ एफ १.४वर फोकस बसतो तो दिसतो. स्क्रीन बदलल्यावर कॅमेऱ्याला मेनूत तसं सांगावं लागतं, नाहीतर मीटर फसतं. पुढे ५डी मार्क ३मध्ये ही सोयच गेली, तिथे घरच्या घरी स्क्रीन बदलता येत नाही.

तेव्हा विक्रेत्याला पहिला प्रश्न 'किती ब्राइट' हा नको. 'एफ १.८ आणि एफ २.८ यातला फरक हिच्यात दिसतो का' हा विचारा.

दगडफूल

मावळे, आत्ताच करून पाहिलं. एफ १.८वरून एफ २.८ केल्यावर माझी के२ स्पष्ट काळवंडते, आणि मागची खिडकीची जाळीही थोडी स्पष्ट होते. म्हणजे जे हातात आहे ते त्या बाबतीत चांगलंच आहे?

मेलबर्नचा_मावळा

अगदी चांगलं. लाखमोलाचं सोडून लखलखाटाच्या मागे जाऊ नका. स्क्रीन उजळही हवी आणि फोकसही उठून दिसायला हवा, हे साधायचा प्रयत्न मिनोल्टाने १९७७च्या एक्सडीत अक्यूट मॅट आणून केला, पुढे हॅसलब्लाडनेही तीच घेतली. म्हणजे 'ब्राइट' म्हटलं की वाईटच असं नाही. पण डबीवर काय छापलंय त्याला अर्थ नाही, चाचणीला आहे.

टपरीवरचा_चहा

मी उलट मत मांडतो. पंधरा-वीस वर्षं लग्नं केली, आधी पेंटॅक्स के१०००, मग एफएम२. सगळे मॅट-मॅट करताहेत, पण मांडवातल्या मरकुरीच्या उजेडात, अंतरपाट खाली येताना, मॅटवर फोकस उठून दिसायची वाट बघत बसलात तर माळा घालून होतात. स्प्लिटमध्ये हो की नाही एवढंच उत्तर असतं. नवऱ्याच्या फेट्याची किनार, नवरीच्या मुंडावळ्या, शालूचा काठ. सरळ कड शोधायची सवय लागली की लग्नात कडांना तोटा नाही. चीर आडवी असल्याने उभी रेघ लागते. ती नसेल तर कॅमेरा तिरका करा, रेघ जुळवा, परत सरळ करा, आणि दाबा.

आणि ज्यांची नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही, त्यांना तर स्प्लिटच बरी. मॅटवरचं 'थोडं शार्प' आणि 'पूर्ण शार्प' यातला फरक ओळखायला डोळा धड लागतो. तुटलेली रेघ जोडण्याची ताकद मात्र डोळ्यात बरीच उशिरापर्यंत राहते.

अंधारकोठडी

शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. पण जुळवा-आणि-फिरवा यात एक खाच आहे. जुळवताना समोरच्याचा डोळा फ्रेमच्या मध्यावर असतो, मग फ्रेम लावायला कॅमेरा फिरवता. फोकस असतो तो एका सपाट पडद्यावर, आणि कॅमेऱ्याबरोबर तो पडदाही फिरतो. ८५ एफ १.४ घ्या, माणूस दीड मीटरवर, उभी फ्रेम, आणि डोळा वरच्या चतुर्थांशाच्या रेघेवर नेला. कॅमेरा साधारण ६ अंश फिरला. फोकसचा पडदा डोळ्याच्या जवळपास ८ मिलीमीटर मागे गेला. त्या अंतरावर डेप्थ एकूण अडीच सेंटिमीटर, पुढे-मागे सव्वा-सव्वा. त्यातले ८ मिलीमीटर फिरवण्यातच गेले. आजी श्वास घेते तेवढ्यानेही उरलेलं जातं.

एफ २.५वर १०५ने काढताना हे इतकं बोचणार नाही. लग्नात एफ ५.६ आणि फ्लॅश असतो, तिथे तर प्रश्नच नाही. म्हणून टपरीवाल्या दादांचंही बरोबर आणि मॅटवाल्यांचंही. उघड्या ॲपर्चरला चेहरा काढायचा असेल तर आधी फ्रेम लावा आणि डोळा जिथे आहे तिथल्याच मॅटवर फोकस करा. हे के२वरही करता येतं, मधल्या गोळ्याकडे दुर्लक्ष करायची सवय लावायची.

टपरीवरचा_चहा

गणित मान्य. तो गोळा तिथे असताना त्याच्याकडे दुर्लक्ष करणं हे मात्र मला आजवर जमलेलं नाही.

दगडफूल

मग आता चष्म्याचं काय? घालून बघितलं तर कोपरे कापले जातात, काढला तर सगळंच धूसर.

अंधारकोठडी

स्क्रीनवर पैसे घालण्याआधी हे सोडवा. निम्म्या लोकांची तक्रार स्क्रीनबद्दल नसते, आयपीसबद्दल (डोळा लावायच्या काचेबद्दल) असते.

तुम्ही व्ह्यूफाइंडरमधून समोरचं जग बघत नाही, स्क्रीनवर पडलेलं चित्र बघता. एफएम२चं आयपीस उणे एक नंबरचं आहे, म्हणजे ते चित्र डोळ्याला साधारण एक मीटरवर असल्यासारखं भासतं. चाळिशी लागलेल्याला एक मीटर म्हणजे धड लांब नाही, धड जवळ नाही. दूरचा चष्मा घातला तर किंचित ताण पडतो, वाचायचा घातला तर धूसर.

चाचणी करा. लेन्स पूर्ण आऊट करून कॅमेरा मोकळ्या आभाळाकडे धरा. आता स्प्लिटच्या गोळ्याची कड आणि मधली चीर बघा. ती केसासारखी बारीक, कुरकुरीत दिसते का? दिसत नसेल तर कुठलीही स्क्रीन घाला, उपयोग नाही. एफएम२ला आयपीसवर फिरवून बसवायच्या करेक्शन लेन्स मिळतात. घेताना एक ध्यानात ठेवा: त्यांच्यावर छापलेला आकडा कॅमेऱ्याचा उणे एक धरूनच असतो. म्हणजे 'शून्य' छापलेली काच साधी नव्हे, ती प्रत्यक्षात अधिक एकची असते. दुकानात बसवून, आभाळाकडे धरून बघूनच घ्या. तुमच्या नंबरात सिलिंडर (ॲस्टिग्मॅटिझमचा नंबर) असेल तर मात्र या काचेने भागणार नाही, चष्मा घालूनच बघावं लागेल. मग आयपीसच्या कडेला रबर आहे ना बघा, नाहीतर चष्म्यावर ओरखडे.

भिंगरी

+१. शिवाय व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन विसरू नका. ओएम-१चं ०.९२, एफएम२चं ०.८६, मावळ्यांच्या ५डीचं ०.७१. लहान सेन्सरच्या साध्या डिजिटल बॉडीत ०.८ छापलेलं असतं, पण लहान फ्रेमवर, त्यामुळे प्रत्यक्षात भोकातून बघितल्यासारखं वाटतं. तिथे स्क्रीन बदलून फार फरक पडत नाही, निदान माझ्या मैत्रिणीच्या बॉडीत पडला नाही. दगडफूल, तुम्ही त्या मानाने सुखी आहात.

सुपारीफुटी

लेण्यांचं कुणी बोललंच नाही. मी यशिका मॅट १२४जी घेऊन हिंडतो. तिच्या स्क्रीनवर उभ्या-आडव्या रेषा आहेत आणि खांबांसाठी त्या नसत्या तर मी केव्हाच नाद सोडला असता. कार्ल्याच्या चैत्यात दोन्ही बाजूंना खांबांची रांग, समोर स्तूप, वर लाकडी कमानी. डोळा नुसत्या चौकटीच्या कडेवर भरवसा ठेवून उभं-आडवं ठरवूच शकत नाही, कारण कमानी सगळं गोल करून टाकतात. एक खांब ग्रिडच्या रेषेवर बसवायचा, त्याच्या समोरचा खांब तेवढाच आत झुकतोय ना ते बघायचं. दोन्ही सारखे झुकले तर कॅमेरा वर बघतोय, एकच झुकला तर कॅमेरा कललाय. आतल्या उजेडात ट्रायपॉड लागतोच आणि त्याला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ते आधी बघा.

तेव्हा लेण्यांसाठी ई२. ई२ म्हणजे मॅटच, वर रेषा. भिंगरीताईंचा मॅक्रोही तिच्यावर होईल.

दगडफूल

म्हणजे बी२ कशाला? मधोमध फक्त १२ मिलीमीटरचं वर्तुळ आहे ना तिच्यात?

भिंगरी

हो, रेषा नकोशा वाटणाऱ्यांसाठी. पक्षी, किडे, चेहरे, जिथे रेषा मध्ये येतात तिथे. तुम्हाला खांब हवेत, ई२ घ्या.

मेलबर्नचा_मावळा

बदलायचं कसं ते सांगतो, सोपं आहे. लेन्स काढा, कॅमेरा पाठीवर झोपवा. माउंटच्या आत, वरच्या बाजूला, बारीक खिटी आहे. ती चिमट्याने पुढे ओढली की स्क्रीनची चौकट खाली येते. निकॉनच्या स्क्रीनबरोबर डबीत एक चिमटा येतो, जुनी घेताना तो आहे का विचारा. स्क्रीनला कडेला एक शेपटी असते, तिलाच धरायचं. पृष्ठभागाला बोट लागता कामा नये. काच नाही ती, ॲक्रिलिक आहे, आणि तिच्यावर फ्रेनेलची बारीक वलयं कोरलेली आहेत. ती वलयं कोपऱ्यांतला उजेड डोळ्याकडे वळवतात. बोटाचा तेलकटपणा त्यांच्यात शिरला की निघत नाही. लेन्स पुसायचं द्रावण, स्पिरिट, काहीही लावू नका. फक्त ब्लोअर. धुळीचा कण दिसला तर दिसू द्या, तो फोटोत येत नाही.

चौकट वर ढकलून 'टक्' आवाज आला पाहिजे. अर्धवट बसली तर फोकस चुकणार.

सुपारीफुटी

ते किती चुकणार याचा अंदाज देतो, कारण यशिकाची स्क्रीन बदलताना मी याच भोवऱ्यात होतो. एफ १.४ला फिल्मच्या जागी पुढे-मागे मिळून ०.०८ मिलीमीटरची मुभा असते. फार तर कागदाची जाडी. स्क्रीन तेवढी वर-खाली झाली तर व्ह्यूफाइंडर एक सांगतो आणि फिल्म दुसरंच. निकॉनची स्वतःची स्क्रीन मापात येते. कापून-घासून बसवलेल्या बाहेरच्या स्क्रीनबद्दल मी ती हमी देणार नाही. मॅट बाजू नेहमी आरशाकडे, हेही बघा.

तपासायला फिल्म नासवायची गरज नाही. पाठ उघडा, फिल्म ज्या दोन रुळांवर टेकते त्यांच्यावर दुधी चिकटपट्टी ताणून लावा, शटर बी-वर केबलने उघडं ठेवा, लेन्स पूर्ण उघडी. लांबची पाण्याची टाकी, मोबाइलचा मनोरा, जे असेल त्यावर व्ह्यूफाइंडरमधून फोकस करा आणि मागून भिंगाने पट्टीवर बघा. मग दीड-दोन मीटरवर वर्तमानपत्र टांगून पुन्हा तेच. पट्टी शटरच्या पडद्याला चिकटू देऊ नका, एफएम२ची पाती फार नाजूक असतात.

बेळगावी_कुंदा

हा धागा वाचनखूण म्हणून साठवला. अवांतर प्रश्न: स्क्रीन बदलल्यावर मीटरचं काय होतं? मावळे म्हणाले डिजिटलमध्ये मेनूत सांगावं लागतं. एफएम२ला कुठला मेनू?

अंधारकोठडी

एफएम२चं मीटर आयपीसच्या शेजारी बसून स्क्रीनवरून आलेला उजेड मोजतं, त्यामुळे स्क्रीन बदलली की ते बदलू शकतं. के२, बी२, ई२ एकाच मालिकेतल्या, त्यांच्यात काही करावं लागत नाही. एफएम३एच्या के३, बी३, ई३ किंचित उजळ आहेत, त्याही बसतात. जुन्या एफईमध्ये २ मालिकेतली घातलीत तर मात्र भरपाई करावी लागते.

करायचं कसं: सावलीतली एकसारखी भिंत, तीच लेन्स, तेच ॲपर्चर. जुन्या स्क्रीनवर मीटर बघा, स्क्रीन बदला, लगेच पुन्हा बघा. नवीन स्क्रीन जेवढा जास्त उजेड दाखवते तेवढा एएसएचा (फिल्मच्या वेगाचा) आकडा कमी करा. अर्धा स्टॉप जास्त दाखवत असेल तर ४००च्या जागी २८०च्या आसपास, म्हणजे डायलवर २५० आणि ३२०च्या मधोमध. आणि डायलवर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर महिन्याने स्वतःच परत ४०० कराल.

दगडफूल

सगळ्यांचे आभार. ई२ सांगितली आहे, बोरा बाजारातल्या एका दुकानात चिमट्यासकट आहे म्हणाले. के२ डबीत जपून ठेवतो, घरच्या लग्नात टपरीवाल्या दादांच्या पद्धतीने वापरेन. 'एक्स्ट्रा ब्राइट' रद्द.

आभाळाची चाचणीही केली. चीर दुहेरी दिसते! सिलिंडर आहे नंबरात. रबराची कड असलेलं आयपीस शोधतोय, कुणाकडे जादा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

टपरीवरचा_चहा

माझ्याकडे एक आहे, कड जरा फाटलीय. पत्ता व्यनि करा, टाकतो कुरिअरने.